अंतिम वर्षाचा प्रकल्प कारखान्याबरोबर करायचा तर नेमकं काय सांभाळावं? (बडोदे)

मांडवीकर (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी. जुलै उजाडला की महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समधल्या आणि शहरातल्या इतर डिझाइन संस्थांमधल्या चौथ्या वर्षाच्या मुलांची कंपनी शोधायची धावपळ सुरू होते. उपयोजित कला, प्रॉडक्ट, टेक्स्टाइल, शिल्प, सगळेच. आणि एप्रिलच्या जूरीत (परीक्षकांपुढच्या सादरीकरणात) बऱ्याचदा दिसतं काय? कंपनीचा लोगो लावलेले देखणे पॅनल, संगणकावर केलेली चकचकीत चित्रं. टेबलावर मात्र त्या कंपनीच्या यंत्रातून निघालेली एकही वस्तू नाही. मग हा प्रकल्प उद्योगाबरोबर केला असं कशाच्या जोरावर म्हणायचं?

माझं मत असं: भागीदाराच्या यंत्रावर, त्याच्याच मालात, पहिला कच्चा नमुना सहा आठवड्यांत निघत नसेल तर ती भागीदारी सोडावी आणि प्रकल्प कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पुरा करावा. मोठ्या नावापेक्षा मकरपुरा जीआयडीसीतलं (औद्योगिक वसाहतीतलं) वीस माणसांचं युनिट बरं. तिथे मालक स्वतः मशीनजवळ उभा असतो आणि हो-नाही जागेवर कळतं.

कुठल्या धंद्यात विद्यार्थ्याला खरोखर काय करता येतं, कागदावर काय लिहून घ्यावं आणि गाडी कुठे अडते, हे ज्यांना आतून माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

खटपट्या

सहमत. पण आधी कॅलेंडर भिंतीवर लावा. दिवाळीला बंद झालेला कारखाना लाभपंचमीला उघडतो, आणि गावी गेलेले कारागीर त्यानंतरही आठवडाभर परतत असतात. १४-१५ जानेवारीला उत्तरायण, तेव्हा अख्खं शहर गच्चीवर. मग होळी-धुळेटी, पुन्हा कारागीर गावाला. मार्च महिना हिशेब आणि डिस्पॅचचा, त्यात तुमच्या नमुन्यासाठी कोणी मशीन थांबवणार नाही. म्हणजे आठव्या सेमिस्टरमध्ये मशीनवर काम करायला खरा वेळ उत्तरायणानंतर फेब्रुवारीअखेरपर्यंतच. जूरी एप्रिलमध्ये आहे म्हणून मार्चमध्ये नमुना काढू, हे गणित दरवर्षी फसतं.

फतेगंज_एक्सप्रेस

नवरात्राचे नऊ दिवस राहिले की! तेव्हा कारखाना चालू असतो, मुलंच गायब.

खटपट्या

😀 ते नऊ दिवस आधीच वजा केलेत.

डायकटर

पॅकेजिंगबद्दल लिहितो, कारण उपयोजित कलेची बरीच मुलं तिकडे वळतात.

पहिली गोष्ट, औषधाचं खोकं निवडू नका. बडोद्यात औषध कंपन्या खूप, म्हणून मोह होतो. पण तिथे अक्षराचा आकार बदलायचा तरी तो बदल गुणवत्ता विभागाच्या मंजुरीतून जातो, आणि ती साखळी तुमच्या सेमिस्टरपेक्षा लांब असते. खाद्यपदार्थ घेतलात तर परवान्याचा १४ अंकी क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण, निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादनाची तारीख, ग्राहकांसाठी पत्ता-फोन, या सगळ्याला जागा पहिल्या स्केचपासून ठेवा. मागाहून कोंबलं की मांडणी मोडते. हार्डवेअर, स्टेशनरी, दिवे, खेळणी अशा वस्तू विद्यार्थ्याला सोप्या जातात.

दुसरं, पुठ्ठा. ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) म्हटल्याने काम होत नाही, जाडी विचारा. एकाच जीएसएमचे दोन पुठ्ठे जाडीला वेगळे असतात आणि क्रीज (घडीसाठी दाबलेली रेघ) जाडीवर ठरते. डायमेकरकडचा (डाय म्हणजे पुठ्ठा कापायचा-दाबायचा साचा) नेहमीचा हिशेब: क्रीजच्या खाचेची रुंदी म्हणजे पुठ्ठ्याच्या जाडीची दीडपट अधिक क्रीजिंग पट्टीची जाडी. पुठ्ठा ०.४ मिमी आणि पट्टी ०.७ मिमी असेल तर खाच १.३ मिमी. खाच अरुंद झाली की घडीवर पुठ्ठा फाटतो आणि गडद रंगाखालचा पांढरा तंतू दिसतो. जूरीत पहिलं बोट तिथेच जातं.

तिसरं, ग्रेन, म्हणजे पुठ्ठ्यातल्या तंतूंची दिशा. खोक्याच्या उभ्या घड्यांना ग्रेन काटकोनात हवा, म्हणजे तो खोक्याभोवती फिरायला हवा. कागद वाचवायला डिझाइन ९० अंशांत फिरवलं की भिंती फुगतात. डायलाइन (उलगडलेल्या खोक्याच्या कापणी-घडीचं रेखाटन) देताना ग्रेनचा बाण काढाच.

बाकी झटपट: ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई) ३ मिमी, चिकटपट्टीवर ना शाई ना वॉर्निश ना लॅमिनेशन (गोंद धरत नाही), बारीक अक्षरं चार रंगांत न देता एकाच काळ्यात.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज, 'प्रेसवाले मला ५० खोकी छापून देतील'. ऑफसेटवर रंग जुळेपर्यंतच शे-दोनशे शीट जातात, प्लेटचा खर्च वेगळा. तेव्हा १३ × १९ इंचांच्या शीटवर डिजिटल छपाई करा, पण पुठ्ठा कारखान्याचाच वापरा, आणि कापणी-क्रीज त्यांच्या प्लेटन मशीनवर डाय लावून करून घ्या. प्रेसला याचा त्रास कमी आणि तुम्हाला खरी घडी मिळते. रंग लावण्याआधी कोऱ्या पुठ्ठ्याची पाच खोकी घडवून आत वस्तू भरून पाहा. झाकण उघडतं, तळ सुटतो, वस्तू खडखडते, हे सगळं कोऱ्यातच कळतं.

चौथं_वर्ष

डायकटरदादा, वाचनखूण साठवली! डाय बनवायचा खर्च कोणी करायचा?

डायकटर

नवी डाय असेल तर आधीच ठरवा. कित्येकदा प्रेसच्या रॅकवर जुन्या शेकडो डाय पडलेल्या असतात. तुमच्या मापाच्या जवळची निवडा आणि डिझाइन तिच्यात बसवा. ही तडजोड नव्हे, धंद्यात असंच चालतं, आणि जूरीपुढे हे कारण सांगितलं की त्याला वजन असतं.

रंगरेषा

मांडवीकर, तुमच्या सहा आठवड्यांच्या अटीला माझा ठाम विरोध. या नियमाने विद्यार्थी कारखान्याचा बिनपगारी ड्राफ्ट्समन होतो. सहाव्या आठवड्यात नमुना हवा म्हटलं की तो पहिल्या आठवड्यातच सोपा विचार पकडतो.

या शहरात कला आणि कारखाना यांचं नातं फार जुनं आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं तेच चित्रकला, सुतारकाम, रंगाई, यंत्रकाम एका छपराखाली आणायला. दादासाहेब फाळके तिथे शिकले. पुढे फाइन आर्ट्समध्ये के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखा चित्रकार १९५९ ते ६१ हातमाग मंडळात डिझाइनचं काम करून परत आला, आणि फाइन आर्ट्स फेअरसाठी लाकूड, मणी, चामडं वापरून खेळणी करू लागला. ती खेळणी कुणा कंपनीच्या गरजपत्रकातून आलेली नाहीत. साहित्य हाताळता हाताळता सुचली.

म्हणून माझं म्हणणं, कारखान्याकडून समस्या मागू नका, साहित्य आणि प्रक्रिया मागा. त्यांचा स्क्रॅप काय, कुठलं मशीन दुपारी रिकामं असतं, कुठल्या दोषामुळे माल बाद होतो. प्रश्न विद्यार्थ्याचा स्वतःचा असू दे.

मांडवीकर

रंगरेषा, नमुना म्हणजे तयार वस्तू असं मी म्हटलेलं नाही. डायकटर यांनी सांगितलेलं कोरं खोकं, पत्र्याचा एक बेंड, वाळूतून निघालेला एक खडबडीत तुकडा, हेही चालेल. मशीन आपल्या हाताखालून एकदा गेलं पाहिजे, एवढंच. तुमच्या प्रक्रिया मागण्याच्या मुद्द्याला तर ते पूरकच आहे.

साचा

रंगरेषा यांच्या मुद्द्याला शिल्पकलेच्या बाजूने जोड. अॅल्युमिनियमची वाळू-ओतकाम करणारी फाउंड्री हा शिल्पाच्या विद्यार्थ्यासाठी उत्तम भागीदार, फक्त तिथे मेणसाच्याची सवय विसरावी लागते.

मेणसाच्यात कसाही खोलगट आकार निघतो, कारण मेण वितळून जातं. वाळूत पॅटर्न (ज्याचा ठसा वाळूत घेतात तो नमुना) बाहेर ओढावा लागतो. कानामागची खाच, दुमडलेलं बोट, असलं काही असेल तर पॅटर्न निघताना वाळू सोबत घेऊन येतो. म्हणून उभ्या भिंतींना १ ते ३ अंश उतार द्या, पॅटर्नची विभागणारी रेषा आकाराच्या सगळ्यात रुंद जागेवरून न्या, आणि खाच हवीच असेल तर कोअर (पोकळीसाठी आत ठेवायचा वेगळा तुकडा) लावा किंवा तो भाग वेगळा ओतून जोडा. अॅल्युमिनियम थंड होताना साधारण १.३ टक्के आक्रसतं, म्हणजे ३०० मिमीच्या कामात ४ मिमी. दोन भाग एकमेकांत बसवायचे असतील तर हे विसरून चालणार नाही. भिंत ५ मिमीच्या खाली नेऊ नका, धातू मध्येच थिजतो. जाड आणि पातळ भाग एकदम जोडलेत तर जाड भाग शेवटी थंड होतो आणि तिथे पोकळी किंवा खड्डा पडतो, मधे गोलाई ठेवा.

थ्रीडी प्रिंटचा पॅटर्न चालतो, पण थरांच्या रेषा वाळूला धरतात. पुटी लावून, घासून, रंगाचा गुळगुळीत हात दिल्याशिवाय मोल्डरकडे नेऊ नका.

खटपट्या

पत्र्याचं राहिलं ते लिहितो. प्रॉडक्टवाल्यांचे दिवे, स्टूल, स्टँड सगळे १.२ किंवा १.६ मिमी सीआरसीए (थंड लाटलेल्या पोलादी) पत्र्यात येतात.

बेंडिंगच्या (पत्रा मोडायच्या) व्ही आकाराच्या डायची फट जाडीच्या साधारण ८ पट, म्हणजे १.६ मिमीला १२ मिमीची डाय. त्यामुळे ९-१० मिमीपेक्षा अरुंद कड मोडता येत नाही, ती डायवर टेकतच नाही. रेंडरमध्ये ४ मिमीची नाजूक कड छान दिसते, मशीनवर होत नाही. भोकाचा व्यास पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी नको, आणि बेंडपासून भोकाची कड जाडीची दुप्पट अधिक बेंडची आतली त्रिज्या एवढी लांब हवी. १.६ मिमीला ५ मिमी धरा, नाहीतर भोक लांबट होतं. दोन बेंड कोपऱ्यात भेटतात तिथे छोटी खाच द्या, नाहीतर पत्रा फाटतो.

लेसरवाल्याला फाइल डीएक्सएफ (रेषांच्या ड्रॉइंगचा फाइलप्रकार), १:१, मिमीमध्ये. माप लिहिलेल्या रेषा, चौकट, नाव, सगळं काढून टाका, नाहीतर तेही कापलं जातं. एकावर एक दोन रेषा असतील तर मशीन दोनदा फिरतं. उलगडलेली लांबी स्वतः काढून पाठवू नका. दुमडलेल्या वस्तूची मापं द्या, बेंडिंगवाला त्याच्या डायप्रमाणे वजावट करतो.

पावडर कोटिंगचा (भट्टीत भाजलेल्या भुकटी-रंगाचा) थर ६० ते ८० मायक्रॉन, दोन्ही बाजूंनी. पट्टी खाचेत सरकवायची असेल तर खाच ०.२ ते ०.३ मिमी मोकळी ठेवा आणि आट्यांवर मास्किंग (रंग लागू नये म्हणून झाकण) सांगा. भट्टी १८०-२०० अंशांची, म्हणून लाकूड, रबर, वायर सगळं नंतर. आणि रंग? त्या आठवड्यात लाइनवर जो चालू असेल तो घ्या. तुमच्या तीन तुकड्यांसाठी बूथ धुऊन खास फिरोजी लावा म्हणणं म्हणजे त्याची अर्धी पाळी खाणं.

इंदुरी_पोहे

इंदूरहून हजेरी. आमच्याकडे टेक्स्टाइलची मुलं धार जिल्ह्यातल्या बाग गावी ठशांच्या छपाईसाठी जातात. त्यांना एकच सांगणं, तिथे संगणकावरचा रंगांचा तक्ता नेऊ नका. लाल तुरटी आणि अॅलिझरीनमधून येतो, काळा लोखंडाच्या गंजातून, आणि रंग खुलतो उकळल्यावर. छापताना कापड वेगळंच दिसतं. धुणं, वाळवणं, छपाई, पुन्हा धुणं, उकळणं या साखळीला आठवडे लागतात, पावसात आणखी. म्हणजे तुमच्या सहा आठवड्यांत एकच फेरी होईल. ठशाचा आकार एका हातात पेलेल एवढाच ठेवा.

खराडीचा_डबा

हस्तकलेचा विषय निघाला म्हणून बडोद्याच्या जवळचं संखेडा. डभोईमार्गे जाऊन एका दिवसात परत येता येतं, तरी मुलं तिथे फारच कमी दिवस घालवतात.

संखेड्याचं फर्निचर सागवानाचं, लेथवर खरादलेलं. म्हणजे मूळ अवयव गोलच असणार. चौकोनी पाय आणि सपाट फळी काढून 'यावर संखेडा काम करून द्या' म्हणणं म्हणजे त्या कारागिरीचा गाभाच काढून घेणं. नक्षी कथिलाची. कथिल सरसात खलून त्याचा रंग करतात, बारीक कुंचल्याने काढतात, अकीकाने घासून चमक आणतात, तेव्हा ती रुपेरी दिसते. वर लाखेचा थर चढला की सोनेरी होते. पारदर्शक थराखाली धातू, म्हणून तो रंग खोल दिसतो. बाजारातला सोनेरी पेंट लावून हे होत नाही.

लाखेच्या मर्यादा डिझाइनमध्ये धराव्या लागतात. ती उष्णतेने मऊ पडते, गरम पातेल्याचा डाग उठतो. अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणजे सॅनिटायझरचा थेंबही नको. जेवणाच्या टेबलाचा वरचा भाग लाखेचा ठेवू नका, पाय ठेवा.

पैशांचं: नमुन्याचे पैसे द्यायचे, आणि नमुना उत्पादनापेक्षा महाग असतो. खराडी (लेथवरचा कारागीर) नगावर कमावतो, त्याचा एक दिवस तुमच्या चार अनोळखी आकारांत गेला तर त्या दिवसाचं पूर्ण उत्पन्न मोजा. 'तुमचं नाव होईल' हा मोबदला नाही. संखेडा फर्निचरला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, तेव्हा दुसरीकडे खरादलेल्या वस्तूवर ते नाव छापू नका. पॅनलवर कारागिराचं नाव घाला, त्याला विचारून.

रंगरेषा

खराडीचा_डबा, शेवटच्या परिच्छेदासाठी मनापासून धन्यवाद. हेच विद्यार्थ्यालाही लागू. कंपनी वापरणार असेल तर कंपनीने पैसे द्यावेत.

कलम_सतरा

मग कागदावर येऊ. एक पान पुरे, पण सही पहिल्या भेटींतच.

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. प्रकल्पाचा विद्यार्थी सहसा नोकर नसतो, म्हणून हक्क त्याच्याकडे राहतो. पण त्याच कलमात फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट, एन्ग्रेव्हिंग, चित्रपट मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून केले तर, उलट करार नसल्यास, पैसे देणारा पहिला मालक. तेव्हा मानधन घेऊन चित्रं रंगवून देणाऱ्यांनी हे लिहून ठरवावंच.

हक्क द्यायचे तर कलम १९: लेखी आणि सही केलेलं हवं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. 'सर्व हक्क कायमचे, जगभर' असं छापील पत्र पुढे आलं तर त्या जागी नेमकी वस्तू, नेमका वापर, नेमकी मुदत लिहून द्या. कोणताही चांगला मालक त्यावर भांडत नाही.

आता वस्तूचा आकार. डिझाइन्स कायदा २००० खाली नोंदणी केली तर १० वर्षं संरक्षण, पुढे ५ वाढवता येतात. अट अशी की नोंदणीच्या अर्जाआधी ते डिझाइन कुठेही प्रसिद्ध झालेलं नसावं. वार्षिक प्रदर्शनात मांडलं, इन्स्टाग्रामवर टाकलं, की नवेपणा गेला. आधी अर्ज, मग प्रदर्शन. आणि नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवलंच नाही, तर औद्योगिक पद्धतीने ५० हून अधिक नग निघाल्यावर त्यातला कॉपीराइटही संपतो. कंपनीने शंभर स्टुलं काढली की विद्यार्थ्याच्या हाती काहीच उरत नाही, ते यामुळे. विद्यापीठाचं स्वतःचं धोरण असेल तर तेही गाइडकडून मागून वाचा.

गुप्ततेचा करार समोर आला तर त्यात तीन गोष्टी वगळून घ्या: जूरी, वार्षिक प्रदर्शन, पोर्टफोलिओ. कंपनीला उत्पादन बाजारात येईपर्यंत थांबवायचं असेल तर महिने लिहा. 'योग्य वेळेपर्यंत' हा शब्द नको.

चौथं_वर्ष

आणि कंपनीने मध्येच विचार बदलला तर? गाइड म्हणतात प्रयोग करा, कंपनी म्हणते खर्च कमी करा. दोघांचं जुळत नाही.

डायकटर

दोन आवृत्त्या ठेवायच्या. एक त्यांच्या मशीनवर उद्या चालेल अशी, दुसरी तुमच्या मनातली. दोन्ही एकाच डायलाइनवर किंवा एकाच पत्र्याच्या कटिंगवर बसतील असं पाहा, म्हणजे मेहनत दुप्पट होत नाही. आणि एक तारीख ठरवा (फेब्रुवारीचा पहिला आठवडा), त्यानंतर मापं बदलायची नाहीत. प्रत्येक भेटीनंतर काय ठरलं ते चार ओळींत ईमेल करा आणि गाइडला प्रत टाका. व्हॉट्सअॅपवरचा 'चालशे' (चालेल) पुरावा म्हणून उभा राहत नाही.

शेड_नंबर

युनिटच्या बाजूने बोलतो. चाळीस स्लाइडचं सादरीकरण आणू नका. एक पान आणा: काय करायचंय, आमचं कुठलं मशीन, किती तास, कुठला माल किती किलो, खर्च कोणाचा, आम्हाला शेवटी काय मिळणार. मालक गुजरातीत बोलेल, सुपरवायझर हिंदीत, ड्रॉइंग मिमीमध्ये. ड्रॉइंगला तारीख आणि आवृत्ती क्रमांक हवा. जुनं ड्रॉइंग फ्लोअरवर राहून चुकीचा माल निघणं, हा सगळ्यात नेहमीचा तोटा.

आणि सुरक्षितता, यावर मी अडून बसतो. बूट बंद, ओढणी आणि सैल बाही नाही, केस बांधलेले, अंगठी-कडं काढलेलं. लेथजवळ हातमोजे घालायचे नाहीत, ते ओढले जातात. कॉलेजचं पत्र आणि विद्यार्थ्याचा अपघात विमा आहे की नाही हे आधी कळवा. फोटो विचारून काढा, कारण शेजारच्या टेबलावर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा माल असतो. पाळी बदलताना येऊ नका, सकाळी मशीन लागल्यावर या.

फतेगंज_एक्सप्रेस

आणि दुपारी सुपरवायझरबरोबर सेव-उसळ खा, अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

शेड_नंबर

हे अगदी खरं. 🙂 तिथेच तो सांगतो की कुठला बेंड त्याला नको आहे.

मांडवीकर

इंदुरी_पोहे आणि खराडीचा_डबा यांचं वाचून मूळ अटीत फरक करतो. पत्रा, पुठ्ठा, ओतकाम यांना सहा आठवडे ठीक. ठशांची छपाई आणि लाखकाम यांना सहा आठवड्यांत एक धुतलेला, उकळलेला तुकडा किंवा एक खरादलेला पाय, बास. आणि आठवडे मोजायचे ते फ्लोअरवर पहिलं पाऊल ठेवलं त्या दिवसापासून.

चौथं_वर्ष

म्हणजे आत्ता ऑगस्टमध्ये सुरुवात केली तर दिवाळीआधी कच्चा नमुना होतो. माझा विषय दिव्याचं पॅकिंग, आत पत्र्याचा स्टँड. आधी कोणाकडे जाऊ, पुठ्ठ्यावाल्याकडे की पत्र्यावाल्याकडे?

खटपट्या

पत्र्याकडे. स्टँडची कोटिंगनंतरची मापं हातात आल्याशिवाय खोक्याचं माप ठरत नाही.

डायकटर

बरोबर. आणि कोटिंग झालेला स्टँड घेऊनच माझ्यासारख्याकडे या, ड्रॉइंग घेऊन नको. वजन करून आणा. अर्धा किलोच्या वर गेला तर साधा पुठ्ठा सोडून ई-फ्लूट कोरुगेटेड (बारीक लहरींचा पन्हळी पुठ्ठा) घ्यावा लागेल, त्याची जाडी दीड मिमीच्या आसपास, म्हणजे क्रीजचा सगळा हिशेब नव्याने.